शाळेच्या आरोग्य तपासणीत मुलीच्या कार्डावर 'डी.डी.' लिहिलंय, हेडसर म्हणतात खास शाळेत टाका. काय करू?

दोनवेण्या

नमस्कार, इथे पहिल्यांदाच लिहितेय, चुकलं तर सांभाळून घ्या. माझी मुलगी दुसरीत आहे, सात वर्षं पूर्ण झाली, गावातल्याच झेडपीच्या शाळेत जाते. मागच्या मंगळवारी शाळेत आरोग्य तपासणीची गाडी आली होती, दरवर्षी येते तीच. वजन उंची डोळे दात बघतात. संध्याकाळी दप्तरात एक कार्ड आलं, त्यावर इंग्रजीत खरडलेलं, मला लागलं ते एवढंच की 'डी.डी.' आणि पुढे प्रश्नचिन्ह, आणि खाली जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात दाखवा म्हणून.

दुसऱ्या दिवशी शाळेत गेले तर हेडसरांनी बाजूला बोलावून सांगितलं की ताई, डॉक्टरांना वाटतंय पोरगी मंद आहे, आम्हालाही पहिलीपासून वाटत होतं पण बोललो नाही, आता तुम्ही तिला जिल्ह्याच्या मतिमंद शाळेत टाका, तिथे शिकवायला वेगळी माणसं असतात, हॉस्टेल पण आहे, आम्ही शाळा सोडल्याचा दाखला लगेच देतो. सर वाईट माणूस नाहीत हो. पण मला तिथल्या तिथे रडू आलं.

घरी ती सगळं करते. माझं शिलाईचं काम आहे, तर बटणं रंगाप्रमाणे लावून ठेवते, उरलेल्या कापडाचे बाहुलीला कपडे करते, पैसे मोजते, दुकानातून सामान आणते (एकदा साखर सांगितली तर खारी घेऊन आली, आम्ही हसलो होतो). बोलायला उशिरा लागली, अजून बोबडं बोलते. हाक मारली की येत नाही, आपल्याच नादात असते, तिचे पप्पा म्हणतात ऐकतच नाही पोरगी, हट्टी आहे. वाचन मागे आहे हे खरंय. पण मंद?? हॉस्टेलला सात वर्षाची पोर मी नाही ठेवू शकत. शाळा काढून टाकू शकते का तिला? कार्डावर लिहिलं म्हणजे झालं का? टेम्पोच्या फेऱ्यांमुळे ह्यांना सुट्टी मिळत नाही, सगळं मलाच बघायचंय. कुणाला अनुभव असेल तर सांगा.

गोळ्यांचा_डबा

ताई, मी त्याच गाडीत असतो. म्हणजे तुमच्या तालुक्याच्या नाही पण तशाच एका. फार्मासिस्ट आहे. आधी एक सांगतो, 'डी.डी.' म्हणजे डेव्हलपमेंटल डिले, वाढीत किंवा बोलण्या-शिकण्यात मागे असल्याची शंका, आणि पुढे प्रश्नचिन्ह आहे ना ते फार महत्त्वाचं आहे, ते पुसू नका डोक्यातून. आमची तपासणी ही गाळणी आहे, निदान नाही. ज्याच्यावर शंका ते पुढे पाठवायचं एवढंच काम.

ही योजना म्हणजे आरबीएसके, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम, २०१३ च्या फेब्रुवारीत आपल्या पालघरलाच सुरू झाली, तेव्हा पालघर ठाणे जिल्ह्यात होतं. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतची मुलं, ३० प्रकारचे दोष-आजार शोधायचे, अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा जायचं. टीममध्ये दोन डॉक्टर, एक नर्स आणि माझ्यासारखा एक. हे कागदावर. आमच्याकडे लेडी डॉक्टरची जागा दीड वर्ष रिकामी होती, त्या काळात एकाच डॉक्टरने सगळी शाळा उरकायची, बाहेर पोरं रांगेत ढकलाढकली करतायत, मास्तर ओरडतायत, खिचडीची घंटा झाली की अर्धी पोरं पळाली. अशा गोंधळात एका पोराला किती मिनिटं मिळत असतील तुम्हीच बघा. आमच्या गाडीत वजनकाटा आहे, उंचीची पट्टी आहे, डोळ्यांचा तक्ता आहे, टॉर्च आहे. ऐकू किती येतं ते मोजायचं यंत्र नाही. मागून हाक मारतो नाहीतर टाळी वाजवतो, आणि त्या कलकलाटात पोरगं वळलं तर ऐकलं म्हणून वळलं की शेजारचा वळला म्हणून वळलं कोण सांगणार.

तेव्हा घाबरू नका, पण जायचं टाळूही नका. कार्ड घेऊन जिल्हा रुग्णालयातल्या डीईआयसीला जा, म्हणजे लहान मुलांच्या लवकर उपचाराचं केंद्र, फी नसते. तिथे बालरोगतज्ज्ञ, कानाचे ऑडिओलॉजिस्ट, मानसशास्त्रज्ञ असे सगळे एका छताखाली असायला हवेत. कोण कुठल्या वारी असतं ते आधी फोन करून विचारा, नाहीतर एसटीचा खर्च वाया जातो.

आणि तुमच्या हेडसरांना सांगा की कार्डावर शाळा बदला असं कुठेही छापलेलं नसतं, कारण ते ठरवायचं काम आमचं नाहीच.

खडूफळा

मी समावेशित शिक्षणात, म्हणजे अडचण असलेल्या मुलांना नेहमीच्याच शाळेत शिकवायचं त्यात, विशेष शिक्षिका आहे, तालुक्याच्या गटसाधन केंद्रातून वेगवेगळ्या शाळांवर जाते. वरच्या सरांनी गाडीचं सांगितलं, मी शाळेचं सांगते.

पहिल्यांदा तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर. नाही, शाळा काढू शकत नाही. शिक्षण हक्क कायदा २००९, कलम १६, आठवी पूर्ण होईपर्यंत दाखल झालेल्या मुलाला शाळेतून काढता येत नाही. दाखला हा पालकांनी मागितला तर द्यायचा असतो, तुम्ही मागितला नाही तर शाळा तो तुमच्या हातात ठेवू शकत नाही. म्हणून कुठल्याही अर्जावर सही करू नका, 'नुसती फॉर्मॅलिटी आहे ताई' म्हणाले तरी करू नका. मी अशा दोन केस बघितल्यात जिथे आईने सही केली आणि मग परत त्याच शाळेत घालताना नाकीनऊ आले.

दुसरा कायदा दिव्यांग हक्क कायदा २०१६. त्यात आधीच्या सात प्रकारांचे एकवीस प्रकार झाले हे सगळ्यांना माहीत असतं पण कलम ३१ कुणी वाचत नाही. चाळीस टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्या सहा ते अठरा वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा खास शाळेत मोफत शिक्षण, आणि त्यात शब्द आहे 'पसंतीच्या'. पसंती मुलाची, आईबापाची. हेडसरांची नाही, डॉक्टरांची नाही, माझी पण नाही.

आता कायदा बाजूला ठेवते कारण तुमची पोस्ट वाचताना मला दुसरंच काहीतरी खटकलं. साखर सांगितली तर खारी आणली. हाक मारली की येत नाही. उशिरा बोलली, बोबडं बोलते. ताई, तिचे कान कुणी तपासलेत का? एक काम करा, तिची श्रुतलेखनाची वही काढा. फळ्यावरून उतरवलेली नको, बाईंनी तोंडी सांगून लिहून घेतलेली. त्यात चुका कुठल्या अक्षरांच्या आहेत ते बघा आणि मला इथे सांगा. आणि एक, घरी हाक मारून बघायची तर समोरून नाही, पाठमोरी बसलेली असताना हळू आवाजात, तोंडासमोर वही धरून. मुलं ओठ वाचतात, फार हुशारीने वाचतात.

मोरपीस७

माफ करा पण मी वेगळं बोलणार आहे. मी स्वतः झेडपी शिक्षक, दोनशिक्षकी शाळा. पट साठच्या आत असला की दोनच शिक्षक, नियमच तसा आहे. पहिली ते चौथी चार वर्ग दोघांत, एक जण ट्रेनिंगला नाहीतर मीटिंगला गेला की चारही एकाकडे, वर शालेय पोषण आहाराची नोंद, ऑनलाइन माहिती, कुठलं तरी सर्वेक्षण. त्यात एका मुलाकडे वेगळं लक्ष द्यायचं म्हणजे बाकीच्या चाळीस जणांचं काय? हेडसरांना सगळे व्हिलन करताय पण त्यांचाही विचार करा, पोरगी गेली तर त्यांचाच पट कमी होतोय, तरीही पाठवा म्हणतायत म्हणजे मनापासून म्हणत असतील. कायदा दाखवून पोरगी वर्गात बसेल हो, पण नुसती बसेल. शेवटच्या बाकावर चार वर्षं बसून पाचवीला गेलेली मुलं मी बघितलीत. नावापुढे हजेरी फुल्ल आणि स्वतःचं नाव लिहिता येत नाही.

खडूफळा

@मोरपीस७ सर, तुमचं खोटं नाही. माझ्याकडे तीन केंद्रांच्या शाळा आहेत, एका शाळेवर माझा नंबर पंधरा दिवसांनी लागतो, पावसाळ्यात त्याहून उशिरा. सुप्रीम कोर्टाने २०२१ मध्ये सांगितलं की प्राथमिकला अशा दहा मुलांमागे एक विशेष शिक्षक आणि पुढे पंधरांमागे एक. आम्ही त्या निकालाचे फोटो ग्रुपवर फिरवले, पेढे वाटायचे बाकी होते. प्रत्यक्षात काय आहे ते तुम्ही बघताच.

पण सर, 'खास शाळेत टाका' हे उत्तर कुठल्या प्रश्नाचं? अजून प्रश्नच ठरलेला नाही. मुलगी कमी ऐकते की तिला अक्षरं वाचण्यातच वेगळी अडचण आहे की खरंच बौद्धिक अडचण आहे, ह्या तिन्हींची तीन वेगळी उत्तरं आहेत. कमी ऐकणाऱ्या पोरीला मतिमंदांच्या शाळेत घातलं तर तिथल्या बाईसुद्धा कपाळाला हात लावतील. आणि 'मतिमंद' शब्द मी पण टाळते, आता बौद्धिक अक्षम म्हणतात, पण गावात तोच चालतो म्हणून लिहिला.

चिंचपेटी

मी इथे नेहमी फक्त वाचते पण आज लिहावं लागेल. माझा मुलगा जन्मतः बहिरा, दोन्ही कान नव्वद डेसिबलच्या वर, म्हणजे आवाज त्याहून मोठा असला तरच ऐकू येणार. आम्हाला तो दोन वर्षांचा होईपर्यंत कळलंच नाही, कारण दार आपटलं की दचकायचा, नंतर कळलं की तो हादरा जमिनीतून कळायचा त्याला. पाच वर्षांच्या आत कानाचं ऑपरेशन म्हणजे कॉक्लियर सरकारी योजनेत होतं म्हणे, आम्हाला सांगणारा भेटला तेव्हा तो सहाचा.

तिसरीपर्यंत गावच्या शाळेत होता. अक्षर इतकं सुंदर की बाई फळा त्याच्याकडून लिहून घ्यायच्या. सगळे म्हणायचे बघा कसा सगळ्यांत मिसळून शिकतोय. पण त्याला एका ओळीचा अर्थ माहीत नव्हता, तो नुसता चित्र काढल्यासारखी अक्षरं काढायचा. हे मला कधी कळलं तर एकदा मी त्याच्या वहीत लिहिलं 'भाकरी खाल्ली का' आणि त्याने खाली तेच परत सुंदर अक्षरात लिहून दाखवलं मला. तेव्हा मी ठरवलं.

मूकबधिर शाळेत घातला, हॉस्टेल. पहिल्या महिन्यात मी रोज रडले, तो एक दिवस रडला. दिवाळीच्या सुट्टीत आला तर हातांनी इतकं बोलत होता आणि आम्हाला काहीच कळत नव्हतं, बिचारा वैतागला. मग मी आणि माझी सासू, हो सासू, मोबाईलवर बघून खुणा शिकलो. आता नववीत आहे. दहावीला बोर्डात त्याला जादा वेळ मिळतो, भाषेत सवलत असते, ते सगळं शाळाच बघते.

तेव्हा दोनवेण्या ताई, खास शाळा म्हणजे टाकून देणं नाही हे मला सांगायचं होतं. पण माझ्या मुलाचं जे झालं ते आधी नीट कान मोजून, मग आम्ही चार शाळा बघून, मग. कुणी कार्ड बघून पाठवलं नव्हतं. तुमच्या केसमध्ये अजून कानच मोजलेले नाहीत.

दोनवेण्या

खडूफळा मॅडम, मी वही काढली. दोन तास झाले हातात घेऊन बसलेय.

फळ्यावरून उतरवलंय ते सगळं बरोबर आहे. श्रुतलेखनात 'पाऊस' च्या जागी 'पाऊ' आहे. 'घास' च्या जागी 'घा'. 'शाळा' चं 'आळा'. 'खारीक' चं 'आरी'. 'बाबा', 'मामा', 'मोर', 'आंबा' सगळे बरोबर. बाईंनी लाल पेनने गोल करून लिहिलंय, 'लक्ष नाही'. प्रत्येक पानावर. लक्ष नाही लक्ष नाही.

आणि ते पाठमोरं पण करून बघितलं. मशीनवर बसून तिच्या मागून हळूच म्हणलं चॉकलेट पाहिजे का. वळली नाही. मग समोर जाऊन आवाज न करता नुसते ओठ हलवले. लगेच म्हणाली, कुठंय?

खडूफळा

हे बघा. एकही शब्द उगाच चुकलेला नाही. स, श, ख ही बारीक, हवेची अक्षरं आहेत, उंच पट्टीची. ब, म, आ ही जाड. ज्या मुलांचं उंच पट्टीचं ऐकणं गेलेलं असतं त्यांना आवाज येतो, टाळी येते, कुकरची शिट्टी पण येते जोरात असली तर, पण शब्दातली काही अक्षरं पोचतच नाहीत. म्हणून घरच्यांना वाटतं ऐकू येतं पण ऐकत नाही. पोरीने जे ऐकलं ते अगदी प्रामाणिकपणे लिहिलंय. मी कानाची डॉक्टर नाही, पण ही वही घेऊन जा डीईआयसीला, खरंच घेऊन जा.

आणि एक गोष्ट हट्टाने करा. तिथे गर्दीत आधी बुद्ध्यांकाची टेस्ट करून टाकू म्हणाले तर नाही म्हणा. आधी कान, आधी डोळे, मग बाकी. तोंडी प्रश्न विचारून बुद्धी मोजणार आणि तिला अर्धा प्रश्नच ऐकू जात नसेल तर येणारा आकडा तिच्या बुद्धीचा नसतो. तो आकडा एकदा कागदावर आला की मग त्याच्यावर सर्टिफिकेट निघतं आणि पुढे प्रत्येक टेबलावर तोच कागद बोलतो.

तोक्योची_वहिनी

विषयाला थोडं सोडून आहे पण लिहिते, कारण वाचताना अंगावर काटा आला. आम्ही नोकरीमुळे तोक्योत राहतो, मुलगा आता तिसरीत. इथे गंमत म्हणजे ही तपासणी शाळेत जायच्या आधीच होते. एप्रिलमध्ये पहिली सुरू होते तर आदल्या वर्षीच्या नोव्हेंबर अखेरपर्यंत पालिकेच्या शिक्षण मंडळाने प्रत्येक मुलाची तपासणी करायचीच असा कायदा आहे, घरी पत्र येतं, जवळच्या शाळेत मुलाला घेऊन जायचं, कान डोळे दात आणि मग एक बाई चार प्रश्न विचारतात. सगळं इतकं शिस्तीत, चपला सुद्धा एका रेषेत. कान मोजायचं यंत्र पण असतं, त्या बाबतीत हेवा वाटेल तुम्हाला.

पण त्याच चार प्रश्नांवरून पुढची पत्रं सुरू होतात. आमचा मुलगा घरी मराठी, पाळणाघरात जपानी, कार्टून इंग्रजी, त्यामुळे बोलायला उशीर. त्याला म्हणाले स्पेशल सपोर्टच्या वर्गात घाला, शाळा तीच पण वर्ग वेगळा, जास्तीत जास्त आठ मुलं. त्याच्याही पुढे पूर्ण वेगळी शाळा असते. २०१३ पर्यंत नियमच असा होता की ठरलेल्या निकषात मूल बसलं की वेगळी शाळा हेच मूळ उत्तर, मग तो बदलून आईवडिलांचं मत आणि बाकी सगळं मिळून ठरवायचं असं झालं. तरी वेगळं काढायची सवय आहेच, २०२२ मध्ये युनोच्या समितीने जपानला स्पष्ट सांगितलं की हे वेगळं बसवणं बंद करा. इथले काही पालक तर कित्येक वर्षांपासून ती तपासणीच नको म्हणतात, त्यांचं म्हणणं ही तपासणी मूल शोधायला नाही, वेगळं काढायला आहे.

आम्ही काय केलं तर मधला मार्ग घेतला. नेहमीच्या वर्गातच आहे, आठवड्यातून दोन तास त्याच शाळेत वेगळ्या खोलीत एक सेन्सेई म्हणजे शिक्षक त्याला बोलण्याचं शिकवतात. आता तो आम्हालाच जपानीत दुरुस्त करतो, सासूबाईंना फोनवर मराठीत टोमणे मारतो, म्हणजे बोलणं व्यवस्थित आलंय. सांगायचं काय की इतकी यंत्रं आणि इतकी शिस्त असूनसुद्धा शेवटी टेबलाच्या ह्या बाजूला बसून आईला 'थांबा' म्हणावंच लागतं. मी माझ्या तुटक्या जपानीत म्हणाले, तुम्ही तर मराठीत म्हणणार आहात.

मोरपीस७

वही वाचून मी माझ्या वर्गातल्या दोन पोरांच्या वह्या काढल्या. एकाचं काही नाही, तो खरंच लक्ष देत नाही. दुसऱ्याचं बघायला पाहिजे. आधीच्या कमेंटमधलं सगळं मागे घेत नाही, पण 'लक्ष नाही' मी पण लिहितो हे खरं.

दोनवेण्या

सगळ्यांना नमस्कार, पाच-सहा आठवडे झाले, आज जरा वेळ मिळाला म्हणून सांगते काय काय झालं.

डीईआयसीला तीन चकरा झाल्या. पहिल्या दिवशी ऑडिओलॉजिस्ट रजेवर (फोन केला होता मी, फोनवर आहेत म्हणाले होते). दुसऱ्या दिवशी आधी वरच्या मजल्यावर बुद्धीची टेस्ट करून घ्या म्हणाले, मी म्हणलं नाही, आधी कान. ती बाई माझ्याकडे बघतच राहिली. माझा आवाज पण थरथरत होता. पण वही काढून ठेवली टेबलावर, तर तिने स्वतः उठून कानाच्या मॅडमकडे नेलं. त्या मॅडमने वही बघितली आणि म्हणाल्या, हिची अर्धी टेस्ट तर तुम्हीच केलीय की.

छोट्या बंद खोलीत बसवून डोक्यावर हेडफोन, आवाज आला की डब्यात मणी टाकायचा. पोरगी अगदी शहाण्यासारखी बसली. खोलीबाहेर मला स्क्रीनवर मॅडम दाखवत होत्या, जाड आवाजाला मणी पटापट, आवाज बारीक व्हायला लागला की हात तसाच वर मणी धरून. वाट बघत होती ती. आवाज सुरू होता आणि ती वाट बघत होती. मला बघवेना.

दोन्ही कान साधारण पन्नास डेसिबलच्या आसपास, बारीक आवाजांना ऐकणं आणखी कमी. नस कमजोर आहे, मळ किंवा पाणी नाही, औषधाने जाणार नाही, कानाचं मशीन लावावं लागेल. बुद्धीची टेस्ट मशीन लागल्यावर सहा महिन्यांनी, गरज वाटली तर, असं त्यांनीच लिहून दिलं. दिव्यांग सर्टिफिकेटचं जरा अवघड दिसतंय. कायद्यात कमी ऐकू येणारे म्हणजे दोन्ही कान साठ ते सत्तर, आणि सत्तरच्या वर बहिरे, आपली पन्नासला. म्हणजे पोरीला वर्गात अर्धं ऐकू येत नाही पण कागदावर ती दिव्यांग बसेल की नाही ते डॉक्टरांचं बोर्ड सांगणार. खडूफळा मॅडमनी फोनवर सांगितलं की चाळीस टक्के नसले तरी शाळेने भेदभाव न करता ठेवून घेणं, सोय करणं हे आहेच, ते टक्क्यांवर नाही. मशीन समग्र शिक्षा ह्या सरकारच्या शाळांसाठीच्या योजनेच्या शिबिरात मिळतं पण मोजमाप आणि वाटप ह्यात किती महिने जातील सांगता येत नाही म्हणाल्या, तोपर्यंत वर्ष जाईल, म्हणून आम्ही भिशीचे पैसे उचलून एक जोडी घेतली. शिबिरात नाव पण देऊन ठेवलंय.

कानात ते गुलाबी पिठासारखं घालून साचा घेतात ना, तेव्हा खूप हसली, गुदगुल्या. पहिले तीन दिवस मात्र काढून फेकायची. साचा सैल बसला की शिट्टी मारतं ते मशीन, परत जाऊन घट्ट करून आणलं. चौथ्या दिवशी मी ब्लाउज शिवत होते तर कानावर हात ठेवून म्हणाली, आई तुझी मशीन किती ओरडते, तिला तेल घाल. सात वर्षं त्या मशीनच्या पायाशी खेळलीय ती.

हेडसरांना रिपोर्ट दाखवला. बराच वेळ वाचत होते. दाखल्याचा विषय त्यांनी काढला नाही, मीही काढला नाही. दुसऱ्या दिवशी तिला पुढून दुसऱ्या ओळीत बसवलं, खिडकीपासून लांब, बाईंचं तोंड दिसेल असं. खडूफळा मॅडम स्वतः आमच्या शाळेवर येऊन गेल्या, त्यांचा तालुका नाही तरी, आणि बाईंना सांगितलं की फळ्याकडे तोंड करून बोलायचं नाही, नुसतं मोठ्याने पण बोलायचं नाही, मोठ्याने बोललं की जाड अक्षरंच मोठी होतात. पाऊस जोरात आला की पत्र्याच्या आवाजात मशीन लावून सुद्धा काही कळत नाही, तेव्हा बाई तिला खुणेने चित्र काढायला सांगतात. वाचन अजून मागेच आहे. श्रुतलेखनात परवा 'पाऊस' बरोबर आलं आणि 'घास' परत 'घा'. बाईंनी आता 'लक्ष नाही' च्या जागी नुसती चुकलेली अक्षरं लिहायला सुरुवात केलीय.

चिंचपेटी ताई, तुमच्या मुलाचं वाचून मी त्या शाळेचा राग सोडला हे सांगायचं राहिलं होतं.

आता एक साधा प्रश्न. तेरा नंबरच्या बॅटऱ्या, नारिंगी स्टिकर असतं त्या, आमच्या तालुक्याला मिळत नाहीत, घड्याळवाल्याने दुसरीच चपटी दिली ती बसेना. कुणी कुठून मागवता?

चिंचपेटी

घड्याळाची चालत नाही, ह्या हवेवर चालणाऱ्या असतात. ऑनलाइन सहाचं पाकीट मिळतं, तारीख बघून घ्या, जुनी पाठवतात. स्टिकर काढल्यावर लगेच घालायची नाही, दोन-चार मिनिटं उघडी ठेवायची. आणि स्टिकर एकदा काढलं की मशीन बंद असलं तरी ती संपतच जाते, तेव्हा पोरीला स्टिकरशी खेळू देऊ नका, आमच्याने एका दुपारी सहाच्या सहा काढून वहीला चिकटवली होती.

गोळ्यांचा_डबा

रात्री काढून ठेवताना डबीत तांदूळ नका टाकू, काही जण टाकतात, पावडर आत जाते. मेडिकलमध्ये सिलिका जेलच्या पुड्या असतात औषधाच्या डब्यातल्या, त्या आम्ही फेकूनच देतो, मागा, फुकट देतील.